सर्पगंधेचें मूळ आणि मनाचा विषाद

कऱ्हाडाहून विट्याकडे जाणाऱ्या सडकेवर कडेगांव लागतें. मोहरमांत हिंदु आणि मुसलमान मिळून जे उंच ताबूत उभारतात त्यांच्यामुळें हें गांव दूरवर ठाऊक आहे. एरव्हीं तो मुलुख कमी पावसाचा, आभाळाकडे डोळे लावून बसणारा. अशा गांवांतील एखाद्या माणसाला विषादाची व्याधि जडली तर डॉक्टरांपुढें बसून "मला विषाद झाला आहे" असें तो म्हणत नाहीं. काळीज धडधडतें, पहांटेस डोळा उघडतो तो पुन्हां लागत नाहीं, अन्नाला चव राहिली नाहीं, हातापायांत त्राण नाहीं, छातीवर धोंडा ठेवल्यासारखें वाटतें, असें तो सांगतो. बायका म्हणतात, जिवाला घोर लागला आहे. तपासणींत हृदय ठीक निघतें, रक्त ठीक निघतें, आणि घरचीं माणसें समजतात कीं याला कांहींच झालेलें नाहीं. मग अंगारे होतात, गंडेदोरे होतात. कोणी हवापालट सुचवितो, तर कोणी लग्न. आणि पुष्कळ फेऱ्यांनंतर कधीं तरी त्याच्या हातांत एक लहानशी गोळी पडते.

ही गोळी कोठून आली आणि पोटांत गेल्यावर मनाला कशी पोंचते, हा गेल्या पाऊणशें वर्षांचा इतिहास आहे. तो बासल, न्यूयॉर्क आणि लंडन येथें घडला असें सामान्यतः समजतात. तें खरें आहे. परंतु त्याचें एक मूळ, आणि येथें मूळ हा शब्द अक्षरशः घ्यावयाचा, हिंदुस्थानांतील मातींतलें आहे.

इ. स. १९४९ सालीं सातारा जिल्ह्याची विभागणी होऊन कडेगांवचा मुलुख दक्षिण सातारा या नव्या जिल्ह्यांत गेला. त्यालाच पुढें १९६० सालीं सांगली जिल्हा हें नांव मिळालें. त्याच १९४९ सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. रुस्तुम जाल वकील यांचा एक निबंध विलायतेंतील 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या मासिकांत प्रसिद्ध झाला. रक्तदाब वाढलेल्या रोग्यांना सर्पगंधेच्या मुळीचें चूर्ण देऊन त्यांनीं जें पाहिलें तें त्यांत मोजमापासह नोंदलें होतें. त्या निबंधापूर्वीं पाश्चात्त्य वैद्यकाला ही वनस्पति जवळजवळ अपरिचित होती. त्यानंतर दोनचार वर्षांत ती जगभर गेली.

आपल्याकडे ती अपरिचित कधींच नव्हती. सर्पदंशावर, तापावर, आणि विशेषतः वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठीं वैद्य तिची मुळी उगाळून देत असत. बिहारकडे तिला 'पागल की दवा' असेंच नांव होतें. गोव्यांत राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें १५६३ सालीं तेथेंच छापलेल्या आपल्या ग्रंथांत सांपाच्या विषावरील ज्या लांकडाचें वर्णन केलें आहे तें हेंच असावें असें पुष्कळांचें मत आहे. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनीं मात्र तिला राउवोल्फिया हें नांव दिलें तें आउग्सबुर्ग येथील एका सोळाव्या शतकांतील वैद्याच्या स्मरणार्थ. त्या सद्गृहस्थानें पूर्वेकडे प्रवास केला होता खरा, पण हिंदुस्थानच्या मातीला त्याचा पाय लागला नव्हता.

१९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनीं ही मुळी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर गुणकारी आहे असें लिहिलें. त्याच सुमारास दिल्लीस सलीमुज्जमान सिद्दीकी यांनीं तिच्यांतून शुद्ध द्रव्यें वेगळीं काढलीं आणि हकीम अजमलखानांच्या नांवावरून त्यांतील एकाला अजमलीन म्हटलें. मन शांत करणारें मुख्य द्रव्य मात्र त्यांच्या हातीं लागलें नाहीं. तें १९५२ सालीं बासल येथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेंत म्युलर, श्लिटलर आणि बाइन या तिघांनीं काढलें. त्याचें नांव रेसर्पीन. १९५७ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक देण्यांत आलें तेव्हां मानकऱ्यांच्या यादींत मुंबईचे डॉ. वकील होते आणि याच द्रव्याचा वेडावर उपयोग करणारे न्यूयॉर्कचे डॉ. नेथन क्लाइन हेहि होते. हाच योग पुढें विषादाच्या कथेला कारण झाला.

रेसर्पीनचा खप वाढला तसें एक विलक्षण वर्तमान ऐकूं येऊं लागलें. रक्तदाबासाठीं तें दीर्घकाळ आणि मोठ्या मात्रेंत घेणाऱ्या कांहीं रोग्यांना कारणावांचून खिन्नता येई; ते रडत, जीव नकोसा झाला म्हणत. १९५४ सालीं अशा रोग्यांची हकीकत छापली गेली. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत बर्नार्ड ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं रेसर्पीन दिलेल्या सशांच्या शरीरांतून सिरोटोनिन नांवाचें द्रव्य ओसरून जातें. मेंदूंतील पेशी एकमेकींशीं बोलतात त्या ज्या द्रव्यांच्या द्वारें, त्यांपैकीं हें एक. पेव फुटून धान्य मातींत मिसळावें त्याप्रमाणें पेशींतील साठा रेसर्पीनमुळें फुटतो आणि बाहेर सांडलेलें द्रव्य नष्ट होतें. तो ससा कान पाडून, पापण्या अर्धवट मिटून, एका जागीं बसून राही. हें द्रव्य ओसरलें कीं खिन्नता येते, म्हणून खिन्नता म्हणजेच हें द्रव्य ओसरणें, असा सरळ हिशोब तेव्हां मांडला गेला.

हिशोब सरळ होता, पण पुरावा तितका सरळ नव्हता. १९५५ सालींच लंडनमध्यें डेव्हिस आणि शेपर्ड या दोघां डॉक्टरांनीं चिंताग्रस्त व खिन्न रोग्यांना रेसर्पीन देऊन पाहिलें, आणि त्या रोग्यांना त्याचा उपयोगच झाला. हा निबंध 'लॅन्सेट'सारख्या नामांकित पत्रांत आला असूनहि पुढें पुष्कळ वर्षें त्याची आठवण कोणाला राहिली नाहीं. शास्त्रांत सुद्धां जी गोष्ट कथानकांत बसते ती लक्षांत राहते आणि जी बसत नाहीं ती कपाटांत राहते.

इकडे दुसरी कथा क्षयरोगाच्या इस्पितळांत घडत होती. मिरजेजवळील वानलेसवाडीच्या क्षयरुग्णालयाचें नांव ज्यांनीं ऐकलें आहे त्यांना त्या काळचा क्षय म्हणजे काय हें सांगावयास नको. १९५२ सालीं न्यूयॉर्कच्या स्टॅटन बेटावरील सी व्ह्यू रुग्णालयांत आयप्रोनायझिड हें नवें औषध क्षयाच्या रोग्यांना देण्यांत आलें. खाटेला खिळलेले रोगी उठून बसले, भरपूर जेवूं लागले. वर्तमानपत्रांतून ते नाचत असल्याचीं छायाचित्रें आलीं. छातींतील व्रण अजून भरले नव्हते, पण मन आधींच उभारी धरून उठलें होतें. डॉक्टरांनीं हा प्रथम उपद्रव मानला. त्याच वर्षीं शिकागोच्या झेलर यांना आढळलें कीं मोनोअमाइन ऑक्सिडेज हें जें विकर सिरोटोनिनसारख्या द्रव्यांचा नाश करतें त्यालाच हें औषध अडवितें. आयप्रोनायझिड आधीं देऊन मग रेसर्पीन दिलें तर जनावर मलूल न पडतां उलट चळवळें होतें, हेंहि दिसून आलें. १९५७ सालीं क्लाइन यांनीं क्षय नसलेल्या, केवळ विषादानें ग्रासलेल्या रोग्यांवरील त्याचे परिणाम जाहीर केले.

त्या औषधाचें पुढें फारसें बरें झालें नाहीं. कांहीं रोग्यांना कावीळ झाली आणि अमेरिकेंत तें १९६१ सालीं बाजारांतून काढून घ्यावें लागलें. त्याच जातीच्या इतर औषधांनीं कांहीं रोग्यांचें डोकें फुटेल असें दुखूं लागे व रक्तदाब एकाएकीं भडके. नॉटिंगहॅमच्या एका औषधविक्रेत्यानें आपल्या पत्नीला चीज खाल्ल्यावर असें होतें हें पत्रानें कळविलें. त्यावरून बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरनें १९६३ सालीं छडा लावला कीं मुरवलेल्या चीजमधील टायरामीन या द्रव्याचा निचरा तें विकर करीत असतें, आणि विकरच अडल्यावर तें द्रव्य रक्तांत उधळतें. कंपन्यांचे पंडित आरंभीं या 'चीजच्या गोष्टी'ला हंसले होते.

आज मुख्य मानल्या जाणाऱ्या औषधांचें कूळ मात्र तिसऱ्याच ठिकाणचें. स्वित्झर्लंडांत कॉन्स्टन्स सरोवराच्या कांठीं म्युन्स्टरलिंगेन येथें वेड्यांचें रुग्णालय होतें. तेथील डॉ. रोलांड कून यांच्याकडे बासलच्या गायगी कंपनीनें जी २२३५५ या क्रमांकाचें एक रसायन पाठविलें. उन्मादावर तें उपयोगी पडेल अशी अपेक्षा होती. तसें कांहीं झालें नाहीं. तेव्हां कून यांनीं १९५६ च्या जानेवारींत तें तीव्र विषाद झालेल्या एका स्त्रीला दिलें. आठवड्याच्या आंत ती बोलूं लागली, खाऊं लागली, तिच्या चेहऱ्यावरचा दगडीपणा गेला. पुढल्या वर्षीं त्यांनीं सुमारें ४० रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली आणि झुरिक येथील जागतिक परिषदेंत ती वाचली; ऐकावयास जेमतेम डझनभर माणसें होतीं. हेंच इमिप्रामीन. कून यांचें वर्णन आजहि वाचण्यासारखें आहे, कारण त्यांत आंकडे थोडे आणि माणसें पुष्कळ आहेत. पण त्याच रुग्णालयाचीं दप्तरें इतिहासकारांनीं तपासून २०१९ सालीं जो वृत्तान्त मांडला तो दुसरी बाजू दाखवितो: तेथें अनेक वर्षें अनेक नवीं रसायनें रोग्यांना दिलीं जात, आणि पुष्कळदां त्यांची संमति घेतलेली नसे. विषादावरील उपचारांचा पाया ज्यांच्या अंगावर घातला गेला त्यांना कोणीं विचारलें नव्हतें.

इमिप्रामीन करतें काय हें अमेरिकेच्या ज्यूलियस अॅक्सेलरॉड यांनीं १९६१ सालीं उलगडलें. दोन मज्जापेशींच्या मध्यें एक अतिसूक्ष्म फट असते. एक पेशी त्या फटींत द्रव्य सोडते, दुसरी त्याचा निरोप घेते, आणि काम झालें कीं पहिली पेशी उरलेलें द्रव्य पुन्हां आंत ओढून घेते. इमिप्रामीन ही ओढून घेण्याची वाट बंद करतें. पाटाचें पाणी वाफ्यांत सोडलें आणि परत जाण्याचें तोंड मातीनें बुजविलें तर पाणी वाफ्यांत अधिक वेळ थांबतें, तसाच हा प्रकार. अॅक्सेलरॉड यांनीं हें नॉरअॅड्रिनलिन या द्रव्याविषयीं दाखविलें. सिरोटोनिनलाहि तें लागू आहे असें पुढें ठरलें. १९७० सालचें नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालें. आणि नव्या औषधाची परीक्षा त्या काळीं प्रयोगशाळेंत कशी होई? आधीं जनावराला सर्पगंधेचें सत्त्व देऊन मलूल करावयाचें, मग नवें रसायन देऊन तें जागें होतें कीं नाहीं तें पाहावयाचें. आपल्या वैद्यांची मुळी अशा रीतीनें पाश्चात्त्य विषादशास्त्राची कसोटी होऊन बसली.

येथें कथा पुन्हां मुंबईस येते. सर्पगंधेचें सत्त्व काढणाऱ्या सिबा कंपनीनें १९६३ सालीं गोरेगांव येथें संशोधनकेंद्र उघडलें आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील रसायनाचे प्राध्यापक टी. आर. गोविंदाचारी यांना त्याचे प्रमुख नेमलें. १९७० सालीं सिबा आणि इमिप्रामीन काढणारी गायगी या दोन कंपन्या एक झाल्या. गोरेगांवच्या रसायनशास्त्रज्ञांनीं इमिप्रामीनच्याच जातीचें, तीन कड्यांच्या बांधणीचें, नायट्रॉक्सेझेपीन हें नवें औषध सिद्ध केलें. 'सिंटामिल' या नांवानें तें १९८२ सालीं देशांत विकावयास आलें. हिंदुस्थानांत जन्मलेलीं व बाजारापर्यंत पोंचलेलीं नवीं औषधें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं आहेत, आणि त्यांतील एक विषादावरचें आहे, ही गोष्ट जितकी ठाऊक असावयास हवी तितकी नाहीं. परदेशांत त्याला फारसें स्थान मिळालें नाहीं, कारण वारा तोंवर फिरला होता. अमेरिकेच्या लिली कंपनीनें १९७४ सालीं ज्याचा प्रथम निबंध छापला तें फ्लुऑक्सेटीन १९८७ च्या डिसेंबरांत तेथील सरकारनें मान्य केलें. हें औषध मुख्यतः सिरोटोनिनचीच वाट अडवितें. जुन्या औषधांनीं तोंडाला कोरड पडे, मलावरोध होई, आणि अधिक मात्रा पोटांत गेली तर हृदयावर बेतत असे. विषादाच्या रोग्याच्या घरांत अशी बाटली असणें हाच एक धोका होता. नवें औषध त्या मानानें निर्धोक ठरलें, आणि विषादाचें औषध साध्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर आलें तें तेव्हांपासून.

चिंतेचा प्रकार थोडा निराळा आहे. अकस्मात् छाती धडधडून, घाम फुटून, आतां मरणारच असें वाटावयास लावणारी धास्ती इमिप्रामीननें थांबते, हें न्यूयॉर्कच्या डोनाल्ड क्लाइन यांच्या १९६० नंतरच्या दशकांतील निरीक्षणांत आढळलें. पुन्हां झटका येईल कीं काय, ही मागाहूनची काळजी मात्र त्यानें तशी हटत नसे. धास्तीचा झटका आणि मागाहूनची काळजी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद औषधानें शिकविला. तेव्हांपासून एकाच जातीचीं औषधें विषाद आणि चिंता या दोहोंवर दिलीं जातात.

आतां मुख्य अडचणीकडे वळावयास हवें. गोळी घेतल्यावर कांहीं तासांतच वाट अडते, फटींतील द्रव्य वाढतें; पण मन उजळावयास पुष्कळदां दोनतीन आठवडे, कधीं त्याहूनहि अधिक काळ लागतो. द्रव्य कमी पडणें हाच जर रोग असता तर तें भरून निघतांच रोगी हंसावयास हवा होता. वाफ्यांत पाणी थांबलें त्याच दिवशीं पीक वर येत नाहीं. मुळांनीं तें प्यावें लागतें. १९७५ सालीं वेतुलानी आणि सुल्झर यांनीं दाखविलें कीं हीं औषधें आठवडेंच्या आठवडे दिलीं म्हणजे निरोप घेणाऱ्या पेशीचें वागणेंच बदलतें. २००३ सालीं उंदरांवरील प्रयोगांत असें दिसलें कीं मेंदूच्या एका भागांत नव्या पेशी उपजणें बंद केलें तर औषधाचा कांहीं परिणाम उरत नाहीं. फिनलंडच्या एरो कास्ट्रेन यांच्या मंडळीनें २०२१ सालीं पुरावा दिला कीं हीं औषधें मेंदूंतील पेशींना वाढीचा निरोप देणाऱ्या एका ग्राहकाला थेट जाऊन चिकटतात. तात्पर्य, मेंदू पुन्हां लवचीक होतो आणि नव्या संवयी, नवे विचार व नवें आयुष्य धरूं शकतो, असा आजचा कल आहे. तो शेवटचा शब्द नव्हे. मेंदूंत सिरोटोनिन कमी झालें म्हणून विषाद होतो, हें सोपें वाक्य मात्र टिकलें नाहीं. २०२२ सालीं लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं उपलब्ध पुरावा एकत्र करून पाहिला तेव्हां त्याला सुसंगत आधार आढळला नाहीं.

यावरून गोळी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा होईल. औषध कसें काम करतें याचें स्पष्टीकरण चुकलें म्हणजे औषध काम करीत नाहीं असें होत नाहीं. २०१८ सालीं 'लॅन्सेट'मध्यें ५२२ चाचण्यांचा आणि एक लक्षाहून अधिक रोग्यांचा एकत्र हिशोब प्रसिद्ध झाला. २१ औषधांपैकीं प्रत्येक औषध खोट्या गोळीपेक्षां अधिक गुणकारी ठरलें. मात्र सरासरी फरक मोठा नव्हता, आणि खोट्या गोळीनेंहि पुष्कळांना बरें वाटलें. तरुण रोग्यांत आरंभीं आत्मघाताचे विचार वाढूं शकतात म्हणून अमेरिकेंत २००४ सालापासून औषधांवर तशी ठळक सूचना छापण्याची सक्ति आली. शिवाय औषध एकाएकीं बंद केलें तर चक्कर, बेचैनी, झोपमोड होते. तें डॉक्टरच्या सल्ल्यानें हळूहळू कमी करावें लागतें. कडेगांवच्या रोग्याचें बहुधा येथेंच बिनसतें. आठ दिवस गोळ्या घेऊन कांहीं गुण आला नाहीं म्हणून तो त्या सोडतो, किंवा महिन्याभरांत बरें वाटलें म्हणून सोडतो. आणि दोन्ही वेळां चुकीच्या क्षणीं सोडतो.

गोळीवांचून कांहीं करतां येतें काय, हा प्रश्न ज्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. वकिलांचें काम झालें तेथेंच पुढें विचारला गेला. त्याच्या मनोविकार विभागाचे डॉ. एन. एस. वाहिया यांनीं योगशास्त्राचे अभ्यासक एस. एल. विनेकर व डॉ. दिनशा डुंगाजी यांच्या साह्यानें पतंजलीच्या मार्गावर आधारलेली उपचारपद्धति रोग्यांवर वापरून पाहिली आणि १९६६ सालीं विलायतेंतील मनोविकारांच्या मासिकांत तिच्याविषयीं लिहिलें. आज योगाचा एवढा गाजावाजा होतो, पण त्याची रोग्यांवर परीक्षा घेऊं पाहणारा हा मुंबईचा प्रयत्न क्वचितच आठवला जातो.

सर्वांत नेमकें उत्तर मात्र गोव्यांतून आलें. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथील दोन जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत आलेल्या ४५० रोग्यांचे तीन गट केले: एकाला फ्लुऑक्सेटीन, दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी गोळी, तिसऱ्याला बोलण्याचे उपचार. हे रोगी वेड्यांच्या इस्पितळांतले नव्हते. अंगदुखी, थकवा, निद्रानाश सांगत आलेलीं साधीं माणसें होतीं. निकाल २००३ सालीं प्रसिद्ध झाला. दोन महिन्यांनंतर खरी गोळी खोट्या गोळीहून स्पष्टपणें सरस होती आणि खर्चाच्या दृष्टीनेंहि परवडणारी होती. बोलण्याचे उपचार त्या वेळीं खोट्या गोळीच्या पुढें गेले नाहींत. वर्षाअखेर मात्र गटांतील फरक उरला नव्हता. पटेल तेथें थांबले नाहींत. गांवांतल्याच, डॉक्टर नसलेल्या स्त्रीपुरुषांना समुपदेशनाचें शिक्षण देऊन, रोग्याच्या भाषेंत त्याच्याशीं बोलावयाचें, गोळी चालू आहे ना याची चौकशी करावयाची, घरीं निरोप धाडावयाचा, अशी व्यवस्था त्यांनीं गोव्यांतील २४ दवाखान्यांत तपासली. २०१० सालीं दिसून आलें कीं सरकारी दवाखान्यांत या व्यवस्थेनें बरे होणाऱ्यांचें प्रमाण वाढलें. खाजगी दवाखान्यांत, जेथें डॉक्टर रोग्याला नांवानिशीं ओळखत होता, तेथें तिच्यावांचूनहि रोगी तितकेच बरे होत होते.